चांदण्या पाडणारी भिंत

“कोणी पाडल्या? आधी ते सांगा!”

कात्री कमरेवर हात ठेवून वाचनालयाच्या दालनात उभी होती आणि तिच्या पायाशी सतरा कागदी चांदण्या पालथ्या पडल्या होत्या. काल पडल्या तेव्हा ती गप्प बसली. परवा पडल्या तेव्हाही दात-ओठ खाऊन गप्प बसली. पण आज तिसरा दिवस! कोणाचंही डोकं फिरेल, आणि कात्रीचं तर मुळातच जाग्यावर नसायचं.

कात्री हे काही तिचं खरं नाव नव्हे. कागद कापायला बसली की ती अशी भराभर कापायची की बघणाऱ्याने बघतच राहावं. आणि तिची जीभही तशीच चालायची, म्हणून हे नाव. वय बारा, राग मात्र अख्ख्या वर्गाला वाटून उरेल एवढा.

“मी नाही पाडल्या,” फूटपट्टी म्हणाला. हा तेराचा, उंच, काटकुळा. खिशात कायम फूटपट्टी, आणि दिसेल ते मोजायची खोड. “मी काल पाचला घरी गेलो. तेव्हा सगळ्या वर होत्या. मोजल्या होत्या मी, एकशे बारा.”

“पण मीसुद्धा त्याच्याबरोबरच गेले,” पणबाई म्हणाली. तिचं बोलणं कायम ‘पण’नेच सुरू व्हायचं. एकदा हजेरीला ‘पण हजर’ म्हणाली होती, तेव्हापासून ती पणबाई.

आता उरला कोण? कात्रीचा आठ वर्षांचा धाकटा भाऊ. ताई जिथे, तिथे हा मागे मागे, म्हणून त्याला सगळे शेपूट म्हणत. तो खालमानेनं एक चांदणी उचलत होता.

“तूच!” कात्री कडाडली. “खुर्चीवर चढून ओढतोस ना रे? हो की नाही?”

“नाही गं ताई! शप्पथ!”

“शप्पथ काय घेतोस, खोटारड्या!” आणि तिने त्याच्या पाठीत एक धपाटा घातलासुद्धा. शेपटाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. उचललेली चांदणी त्याने टेबलावर नीट ठेवली आणि कोपऱ्यात जाऊन बसला.

सुट्टी लागल्यापासून चौघांचा मुक्काम इथेच होता. गुरुवारी वाचनालयात लहान मुलांचा मेळावा होता. शंभरेक पोरं येणार, सोबत त्यांचे आईवडील. सजावटीला विकतचं काही आणायचं नाही, असं चौघांनी ठरवलं होतं. रद्दीतल्या रंगीत मासिकांच्या चांदण्या, अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेची फुलं, बाटल्यांच्या झाकणांच्या माळा! मासिकांची चुरगळलेली पानं आईने ओलसर फडक्याखाली ठेवून इस्त्रीने सपाट करून दिली होती.

कात्रीची आई या वाचनालयाची शिपाई. झाडलोट, पुस्तकं जागेवर लावणं, कुलूपकिल्ल्या, सगळं तिच्याच अंगावर. वाचनालयाच्या मागच्या दोन खोल्यांत ती दोन मुलांसह राहायची. सगळे तिला मावशी म्हणत.

“खिळे नकोत, चिकटपट्टी नको, भिंतीच्या लाकडी फळ्यांना नुकतंच पॉलिश केलंय!” असं कार्यवाहसाहेबांनी आधीच बजावलं होतं. तेव्हा आईनेच युक्ती सांगितली. मेणबत्तीचे उरलेले तुकडे घ्यायचे, तेलाचा एक थेंब घालून हाताच्या उबेनं मळायचे. वाटाण्याएवढी गोळी चांदणीच्या पाठीला लावायची आणि दाबायची. झाली चांदणी पक्की! काढताना मेणावर बर्फाचा तुकडा धरायचा, मेण कडक होतं आणि नखानं सुटतं. डाग राहत नाही.

युक्ती खरंच चांगली होती. बाकीच्या तीन भिंतींवरची एकही चांदणी हलत नव्हती. पडत होत्या त्या फक्त डाव्या भिंतीवरच्या!

“काय चाललंय हे?”

कार्यवाहसाहेब दारात उभे होते. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी दालनाशेजारच्या ऑफिसात एसी बसवून घेतला होता. रोज संध्याकाळी पाच ते आठ तिथे बसून ते काय काम करत ते कोणालाच ठाऊक नव्हतं. आज मात्र सकाळीच आले होते.

“पुन्हा हा कचरा जमिनीवर? आणि फळ्यांवर हे तेलकट डाग? मावशी! इकडे या!”

आई हातातला झाडू तसाच घेऊन धावत आली.

“मावशी, तुमच्या पोरांना हे दालन म्हणजे खेळायचं अंगण वाटतं का?”

“साहेब, पोरं मनापासून करताहेत. पण त्या भिंतीचंच काहीतरी आहे. संध्याकाळी तिथे जळकट वास येतो. मी तुम्हाला मागेही...”

“वास तुमच्या स्वयंपाकाचा असेल!” साहेब स्वतःच्याच विनोदावर हसले. मग त्यांचा चेहरा कडक झाला. “ऐका. यापुढे मला एक जरी चांदणी खाली दिसली, तर महिनाअखेरीला त्या दोन खोल्या रिकाम्या करायच्या. माझ्याकडे दुसरा माणूस तयार आहे. एकटा आहे, पोरंबाळं नाहीत. समजलं?”

आईने मान खाली घातली. “समजलं, साहेब.”

कात्रीच्या कानशिलांतून वाफा निघायच्या बाकी होत्या. ती पुढे झालीच असती, पण आईने मागच्या मागे तिचं मनगट घट्ट धरलं. इतकं घट्ट, की बोटांचे वळ उठले. साहेब गेल्यावर आई काही न बोलता उरलेलं दालन झाडत राहिली, आणि कात्रीला त्या गप्प बसण्याचाच सगळ्यात जास्त संताप आला. तीनशे पासष्ट दिवस राबायचं आणि वर ‘समजलं, साहेब’ म्हणायचं! का म्हणून?

रविवारी वाचनालय बंद. साहेब चिडले त्या शनिवारी पाचच्या आत चौघांनी ताजं मेण मळून सतराच्या सतरा चांदण्या परत चढवल्या होत्या. पण रविवारी सकाळी पाहतात तो काय, पुन्हा जमिनीवर! पुन्हा चढवल्या. आईने सगळीकडे कुलूप लावलं. सोमवारी सकाळी कात्री धावतच दालनात शिरली.

एकही चांदणी पडलेली नव्हती!

“म्हणजे कोणीतरी पाडतंय, हे नक्की,” फूटपट्टी म्हणाला. “रविवारी कोणी आलं नाही, तर पडल्या नाहीत.”

“पण शेपूट तर रविवारीही इथेच होता,” पणबाई म्हणाली. “मागच्या खोलीत. किल्ली तर भिंतीवरच टांगलेली असते. त्याला पाडायच्या असत्या, तर कालच्यासारखी संधी नव्हती.”

कात्रीचा चेहरा खर्रकन उतरला. शेपूट दोन दिवस तिच्यापासून चार पावलं लांब चालत होता, हे तिच्या आत्ता लक्षात आलं. साहेबांनी न विचारता न तपासता आईला दोषी ठरवलं, आणि तिने स्वतः काय वेगळं केलं होतं?

“ए,” ती त्याच्याजवळ जाऊन म्हणाली, “चुकलं माझं. फुकट मारलं तुला. घाल मला एक धपाटा.”

शेपटाने जरा विचार केला आणि सगळा जोर लावून तिच्या पाठीत असा गुद्दा घातला, की कात्री कळवळली.

“अरे, धपाटा म्हटलं होतं मी!”

“दोन दिवसांचं व्याज,” शेपूट म्हणाला आणि परत तिला चिकटून उभा राहिला.

त्या संध्याकाळी चौघंही मासिकांच्या कपाटामागे दडून बसले. चोर रंगेहाथ पकडायचा! फूटपट्टीने शिट्टी आणली होती. पणबाईने कशासाठी कोण जाणे, पण लाटणं आणलं होतं.

पाच वाजता साहेब आले, ऑफिसात गेले, दार लावून घेतलं. एसीची घरघर सुरू झाली. दालनात चिटपाखरू नव्हतं. सव्वापाच झाले. साडेपाच झाले.

टप्!

एक चांदणी खाली पडली. जवळपास कोणी नव्हतं!

टप्. टप्.

“भू... भूत!” शेपटाने ताईचा फ्रॉक मुठीत धरला.

“पण भुताला आपल्या चांदण्यांशी काय घेणंदेणं?” पणबाई कुजबुजली, पण लाटणं तिने दोन्ही हातांनी धरलं होतं.

कात्री मात्र उठली. भूत असो नाहीतर आणखी कोणी, तिला त्याला जाब विचारायचा होता! तरातरा भिंतीपाशी जाऊन तिने पडलेली चांदणी उचलली. पाठीवरचं मेण लोण्यासारखं मऊ होतं, बोटाला चिकटत होतं. बाकीच्या भिंतींवरचं मेण तर दाबलं तरी दबत नव्हतं. तिने चांदणीच्या जागी तळहात ठेवला आणि झटकन मागे घेतला.

“गरम आहे! अरे, भिंत गरम आहे!”

आणि नाकात तो वासही शिरला. जळकट, रबरासारखा. स्वयंपाकाचा? स्वयंपाक असा वास मारू लागला, तर जेवणाऱ्याचं कठीणच!

“आईला माहीत होतं,” कात्री म्हणाली. “ती सांगत होती. आणि तो माणूस हसला!”

मंगळवारी दुपारी चौघांनी एक मोठं काम केलं. मासिकांच्या पानांच्या नाण्याएवढ्या चकत्या कापल्या, दोनशे चाळीस! प्रत्येकीला मेणाची सारखीच गोळी. फूटपट्टीने डाव्या भिंतीवर हातभर अंतरं मोजून दिली आणि चढउतार करून सगळी भिंत चकत्यांनी भरली.

पाच वाजता एसी सुरू झाला. सहापर्यंत चकत्या टपाटप गळल्या. पण सगळ्या नव्हे! स्विचबोर्डपासून निघून थेट ऑफिसच्या भिंतीपर्यंत, जमिनीपासून सहा फुटांवर, आखून दिल्यासारखी एक सरळ रिकामी रेघ तयार झाली. वरच्या चकत्या जागेवर, खालच्या जागेवर. आणि रेघेच्या बरोबर मध्ये, जिथे दोन फळ्या जुळत होत्या, तिथे लाकूड किंचित काळपटलं होतं.

“मागे वायर आहे,” फूटपट्टी हळूच म्हणाला. “एसीला जाणारी.”

“पण माझा मामा वायरमन आहे!” पणबाई म्हणाली आणि लाटण्यासकट पळत सुटली.

मामा हसत हसत आला. त्याने हाताची पाठ फळीजवळ नेली, वास घेतला, आणि त्याचं हसणं मावळलं. “कोणी हात लावायचा नाही. खिळा नाही, पाणी नाही, काही नाही. मावशी, तुम्ही रात्री मेन स्विच बंद करता का?”

“रोज,” आई म्हणाली. “वास यायला लागल्यापासून एकही रात्र चुकले नाही.”

“मग तुमच्यामुळेच ही इमारत अजून उभी आहे. मी साहेबांशी बोलतो.”

मामा बोलला. दार उघडं होतं, सगळ्यांना ऐकू आलं.

“एसी माझ्या मेव्हण्यानं बसवलाय!” साहेब गरजले. “त्याला अक्कल नाही आणि तुला आहे? पोरांच्या कागदांवरून भिंत फोडू म्हणतोस? परवा मेळावा आहे माझा! चालता हो!”

मामा बाहेर आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. साहेब घरी जाताच आईने मेन स्विच बंद केला.

कात्री पायरीवर बसून ढसाढसा रडली. दुःखानं नाही, संतापानं. परवा त्या दालनात शंभर पोरं बसणार होती. सगळे दिवे लागणार, एसी लागणार, दारं लावलेली. आणि काही झालं तर खापर कोणाच्या डोक्यावर फुटणार होतं? मेणवाल्या पोरांच्या आणि मावशीच्या!

“रडून झालं?” बऱ्याच वेळाने फूटपट्टी म्हणाला. “उद्या चार वाजता अध्यक्षबाई सजावट बघायला येणार आहेत.”

अध्यक्षबाई म्हणजे वाचनालयाच्या प्रमुख. सत्तरी ओलांडलेल्या, निवृत्त मुख्याध्यापिका.

“पण आपण सांगितलं, तर साहेब म्हणणार, पोरांनीच पाडल्या,” पणबाई म्हणाली.

कात्रीने नाक पुसलं. “मग पोरांनी लावायच्याच नाहीत.”

“म्हणजे?”

“त्यालाच लावायला लावायची!”

बुधवारी चार वाजता अध्यक्षबाई आल्या. मागोमाग साहेब, अगदी इस्त्रीच्या कपड्यांत. मामा कपाटाशी उभा होता; सजावट बघायला आलोय म्हणाला, आणि अध्यक्षबाईंसमोर साहेबांना त्याला हाकलता येईना. आई मेन स्विचपाशी, हात खटक्यावर. तिथे काय करतेस असं तिला कोणी विचारलं नाही. शिपाई कुठे उभी आहे याकडे कोण बघतो?

आणि कात्री? तोंडात साखर! शेपटाचा तर स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना.

“साहेब, सगळ्यात मोठी चांदणी आम्ही तुमच्यासाठी ठेवलीये. त्यावर ‘कार्यवाह’ असं लिहिलंय. ती तुमच्याच हातानं लागली पाहिजे! आमच्या हाताला काही टिकतच नाही बघा.”

साहेब फुगले. “टिकेल कशी? दाबायला नको? बाई, ही आजकालची मुलं! बघा, मेण असं दाबायचं असतं!” दोन फळ्या जुळत होत्या तिथेच, कात्रीने दाखवलेल्या जागी, त्यांनी अंगठ्यानं चांदणी दाबली. “आता भूकंप झाला तरी हलायची नाही!”

“वा, साहेब!” कात्रीने टाळ्या वाजवल्या. “बाईंना उकडतंय, ऑफिसचं दार उघडून तुमचा एसी लावता का?”

एसी सुरू झाला. आता वेळ काढायचा होता. कात्रीने अध्यक्षबाईंना खुर्ची दिली आणि तोंडाची टकळी सुरू केली. “बाई, खळ शिजवताना त्यात चमचाभर व्हिनेगर घातलं की ती लवकर आंबत नाही. कात्री बोथट झाली की अॅल्युमिनियमच्या कागदाची चार पदरी घडी करून दहादा कापायची, धार येते. माळेच्या दोऱ्यावर मेण फिरवलं की गुंता होत नाही...”

“हे सगळं कोणी शिकवलं?”

“आईनं.”

दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. कात्रीच्या युक्त्या संपत आल्या. फूटपट्टीने नखं खाऊन संपवली. साहेब घड्याळ बघत म्हणाले, “चला बाई, आता...”

टप्!

‘कार्यवाह’ अशी अक्षरं असलेली चांदणी साहेबांच्याच बुटावर येऊन पडली.

“अगंबाई,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “तुम्ही तर भूकंपाची खात्री दिली होती!”

“या पोरांनी काहीतरी...”

“कोणी केलं? मी समोर बसलेय!” बाईंचा आवाज एकदम शाळेतला झाला. “मुली, काय आहे हे?”

आता कात्रीला साखरेची गरज नव्हती. भिंतीकडे बोट दाखवून तिने सगळं सांगितलं. गळलेल्या चकत्यांची रेघ, रविवार, वास, आणि दोन खोल्या रिकाम्या करायची धमकीसुद्धा. फूटपट्टीने मोजमापांचा कागद पुढे केला. अध्यक्षबाई उठल्या, हात फळीजवळ नेला आणि वळल्या. “बंद करा सगळं. आत्ता!”

खट्! आईने मेन स्विच खाली ओढला.

मामाने फळी उचकटली. आत दोन वायरी नुसत्या पिळून जोडलेल्या होत्या. त्यांच्यावरचं रबर वितळून काळं ठिक्कर पडलं होतं आणि मागचं लाकूड बोटभर कोळसा झालं होतं. शेपटाने तोंडावर हात ठेवला.

“पंख्यापुरती वायर, आणि तिच्यावर एसी,” मामा म्हणाला. “उद्याचा दिवस काही हिनं काढला नसता.”

“मला... मला कोणी सांगितलंच नाही,” साहेब चाचरत म्हणाले.

“मी सांगितलं.”

सगळ्यांनी वळून पाहिलं. आई बोलत होती. आता तिची मान खाली नव्हती.

“मी तीनदा सांगितलं, साहेब. एसी बसला त्या आठवड्यात सांगितलं. पॉलिश झालं तेव्हा सांगितलं. शनिवारी या पोरांसमोर सांगितलं. तुम्ही हसलात. बाई, मी इथे अकरा वर्षं काम करतेय. या भिंतीला हात लावून मी रोज पुसते. माझं एकदा ऐकलं असतं, तर माझ्या पोरांवर कागद चिकटवून हे सिद्ध करायची वेळ आली नसती!”

अध्यक्षबाई साहेबांकडे वळल्या. “ऑफिसची किल्ली द्या. बाकीचं सभेत बोलू. आधी यांची माफी मागा.”

“मावशी, माफ...”

“मावशी कोणाची?” बाई कडाडल्या. “नावानं हाक मारा. अकरा वर्षांत नाव तरी माहीत आहे का तुम्हाला?”

साहेबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांना माहीत नव्हतं.

कात्रीला वाटलं होतं, साहेबांची फजिती झाली की पोटभर हसायचं. पण हसू आलंच नाही. तिचा संताप आतून नुसता धगधगत राहिला, आणि ती पळत जाऊन आईला बिलगली.

अध्यक्षबाईंनी किल्ली घेतली. मग एकेका मुलाजवळ जाऊन त्यांनी चौघांच्याही पाठीवर हात ठेवला. शेपटाच्या दोनदा.

“उद्याचा मेळावा बाहेर अंगणात. चांदण्या झाडांना टांगू,” त्या म्हणाल्या. “शंभर पोरांचा जीव वाचवलात तुम्ही. शाबासकी तुमची. शरम आमची.”

मग त्यांनी कोपऱ्यातली खुर्ची स्वतः ओढून आणली, आईसमोर ठेवली आणि म्हणाल्या, “बसा. आणि तुमचं नाव सांगा मला. मलाही माहीत नाही.”